एक्केचाळीसपैकी अठरा

एस.टी.नं मिरज स्टँड सोडलं आणि तस्लीमनं मांडीवर रुमाल पसरून काकडी चिरायला घेतली. चालत्या गाडीत, मिटवायच्या चाकूनं, चार उभ्या फाका. वर तिखटमीठ.

“धर.”

“नको.”

“नको कसं? मे महिना हाय. परीक्षेला जाताना पोटात गार असावं म्हणतात आब्बा.”

मी फाक घेतली, खाल्ली. कडू होती का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

माझ्या मांडीवर आमचा रिपोर्ट होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, दोघींचा मिळून एक प्रोजेक्ट आणि दहा वाजता त्याची तोंडी परीक्षा. ती पार पडली की तस्लीम एक जुलैला बंगळुरूला जाणार होती. त्या कंपनीनं आमच्या कॉलेजातून तिला एकटीलाच घेतलं होतं. पत्रात अट एकच होती. जूनच्या निकालात एकही विषय राहिलेला चालणार नाही. तिचे आब्बा तंबोरे बनवायचे. भोपळ्याला कान लावून तासन्‌तास बसणारा तो माणूस, पण त्या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक दुकानात उभा राहून ते इंग्रजी पत्र मोठ्यानं वाचून दाखवत होता.

“आज दुकान बंद ठेवून येणार हायत ते,” तस्लीम म्हणाली. “मी म्हटलं, आब्बा नका येऊ, पोरं हसतात. तर म्हणाले, तू आत जा, मी गेटाजवळ लिंबाखाली बसतो. कुणाला सांगणार नाही तुझा बाप हाय म्हणून.”

ती हसली. मीही हसले असणार. तेव्हा समोरचा हसला की मी हसायची.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे एक भाषा चालवून दाखवणं. संगणकाची भाषा, पण जगातल्या सगळ्यांत गरीब भाषांपैकी एक. तिच्यात आठच चिन्हं. शब्द नाहीत, आकडे नाहीत. तिचं खरं नाव चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं, म्हणून आमच्या हिरेमठ मॅडमनी रिपोर्टावर ‘अष्टचिन्ही’ असं लिहायला लावलं. समोर खणांची लांबच लांब रांग आहे असं समजायचं. पहिल्यापासून सगळ्या खणांत शून्य. एका चिन्हानं खणात एक वाढवायचा, दुसऱ्यानं एक काढायचा. दोन चिन्हं उजवीकडं-डावीकडं सरकायला, एक वाचायला, एक छापायला. उरले दोन कंस, उघडता आणि मिटता. त्या दोन कंसांत त्या भाषेचा सगळा जीव. उघडत्या कंसाशी आलं की समोरच्या खणात बघायचं. शून्य असेल तर आत जायचंच नाही, उडी मारून मिटत्या कंसाच्या पलीकडं. शून्य नसेल तर आत शिरायचं आणि खण रिकामा होईपर्यंत आत फिरत राहायचं. यालाच लूप म्हणतात.

ही भाषा चालवणारा प्रोग्रॅम तस्लीमनं लिहिला होता. तो नीट चालतो का हे बघणाऱ्या टेस्ट मी लिहिल्या होत्या. छोटे छोटे तुकडे. एक तुकडा चालवायचा आणि शेवटी खणात काय आलं ते ताडून बघायचं.

त्या टेस्टना आम्ही खिरापत म्हणायचो. लहानपणी एकाच बोळात हादगा खेळलेल्या आम्ही. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस. रोज गाणी संपली की झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं. झाकण आधी उचललं तर खेळातून बाहेर. तोच नियम आम्ही प्रोजेक्टला लावला. तिचा कोड मी वाचायचा नाही, माझ्या टेस्ट तिनं उघडायच्या नाहीत. तिनं फक्त चालवायच्या. लॅबमध्ये बटण दाबताना ती टेबलावर ताल धरायची,

“पहिल्या दिशी एक गं, दुसऱ्या दिशी दोन,
झाकल्या डब्यामधलं ओळखील कोण?”

आणि पडद्यावर हिरव्या ओळी उतरत जायच्या. मॅडमना आमचा नियम फार आवडला होता. दोघी एकमेकींच्या चुकीत सामील होणार नाहीत, म्हणाल्या.

आई नऊ मार्चला गेली. दुपारी गच्चीवर सांडगे वाळत घालून खाली येत होती, जिन्यावर बसली आणि उठली नाही. माणसं जमली, कुणीतरी गाडी बोलावली. मी गच्चीवर जाऊन सांडगे आत आणले. ऊन उतरलं होतं, कावळे येतात.

चौदाव्या दिवशी मी कॉलेजात होते. स्वयंपाक करून, पप्पांचा डबा भरून. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, “वसूनं घर सावरलं हो. डोळ्यांतनं टिपूस नाही, केवढी खंबीर पोर.” जेवलीस का? हो. झोप लागते का? हो. अभ्यास होतो का? हो. दोन महिने मी हा एकच शब्द सगळ्यांना देत होते आणि तो घेऊन सगळे समाधानानं जात होते.

अंकलीचा पूल आला तेव्हा मी रिपोर्टामागं जोडलेली माझ्या टेस्टची पानं चाळत होते. तशी गरज नव्हती. हात रिकामे होते म्हणून चाळत होते. चोविसाव्या टेस्टपासून लूपच्या टेस्ट सुरू होत होत्या. पहिलीच सगळ्यांत सोपी. कंसात फक्त वजाबाकीचं चिन्ह. म्हणजे खण रिकामा होईपर्यंत एकेक काढत राहा. आणि शेवटी तपासायचं, खणात शून्य आलं का?

पण त्यासाठी आधी खणात काहीतरी टाकायला हवं. पाच टाक, सात टाक. मी काहीच टाकलं नव्हतं. खणात मुळातच शून्य. प्रोग्रॅम कंसाशी आला, शून्य बघितलं, उडी मारून पलीकडं गेला. शेवटी शून्य आहे का? आहे. पास.

पंचविसावी बघितली. तीही तशीच. सव्विसावी. मी पेन्सिल काढून एकेकीवर गोल करत गेले. एक्केचाळीसपर्यंत अठरा गोल झाले. अठरा टेस्टमध्ये लूपच्या आत एकदाही कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. तस्लीमचा प्रोग्रॅम लूप बरोबर चालवतो की चुकीचा, हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला नाही, मला नाही, मॅडमना नाही. ही शिकाऊ मुलांकडून होणारी चूक नाही. खूप टेस्ट लिहिणाऱ्याच्याच हातून ती होते, हात सवयीनं चालत असले म्हणजे.

मला हे सगळं अगदी स्वच्छ कळलं. पुलाखाली कृष्णेचं पाणी आटलं होतं आणि वाळूत म्हशी बसल्या होत्या, तेही दिसलं. दोन्ही सारखंच दिसलं.

“काय गं, एवढं काय बघतीयस? सगळं ठीक?” तस्लीम म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.

ती रुमाल झटकून घडी घालायला लागली.

बाहेरून आलेले परीक्षक देशिंगकर सर. कोल्हापूरकडचे, पांढऱ्या मिशांचे, बोलण्यात गोड. शेजारी हिरेमठ मॅडम. मॅडमनी आमच्यासाठी मुद्दाम पहिला नंबर ठेवला होता, चांगल्यानं सुरुवात व्हावी म्हणून. तस्लीमनं बटण दाबलं. आज ताल धरला नाही, पण तिची बोटं टेबलाखाली हलत होती. एक्केचाळीस हिरव्या ओळी उतरल्या.

“एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस!” सर मागं रेलले. “मॅडम, तुमच्याकडं पाणी वेगळं आहे का? आमच्याकडं निम्म्या पास झाल्या तरी पोरं पेढे वाटतात.”

मॅडम खुलल्या. “दोघी एकमेकींचं काम बघत नाहीत सर. नियमच केलाय त्यांनी.”

“वा. मिस मगदूम, लूपच्या टेस्टमध्ये काय काय घेतलंत? लूप शून्य वेळा फिरला तर, एकदा फिरला तर, पुष्कळदा फिरला तर, सगळं आहे ना?”

“नाही सर,” मी म्हणाले. “फक्त शून्य वेळा.”

“म्हणजे?”

“चोवीसपासून पुढच्या अठरा टेस्ट रिकाम्या आहेत. खणात आधी काही टाकलेलंच नाही. त्या पास होण्याला काही अर्थ नाही.”

भाजीवाली दर सांगते तशा आवाजात मी हे सांगितलं. तस्लीमची बोटं थांबली. मॅडमनी पान ओढून घेतलं, पेन्सिलीचे गोल बघितले आणि चष्मा काढून ठेवला.

सरांनी ते पान आपल्याकडं ओढून घेतलं. “तीस वर्षं परीक्षा घेतोय,” ते हळूच म्हणाले, “स्वतःची चूक स्वतः दाखवणारं पोरगं पहिल्यांदा बघतोय. बरं. मग आता आपणच काहीतरी टाकून बघू.”

त्यांनी की-बोर्ड ओढला. आधी एक साधा लूप दिला. खणात पाच टाकून रिकामा करायला लावला. झाला रिकामा. मॅडमनी श्वास सोडला. मग सरांनी लूपच्या पोटात लूप घातला. बाहेरचा दोनदा फिरावा, प्रत्येक फेरीत आतला दोनदा, आणि पलीकडच्या खणात चार यावेत.

त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा राहिला. कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता. आम्ही चौघं त्याच्याकडं बघत होतो. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. शिपाई चहा ठेवून गेला. आत कुठंतरी प्रोग्रॅम फिरत होता आणि बाहेर येत नव्हता.

“कंस,” तस्लीम एकदम म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज कामातला होता. “मिटत्या कंसावरनं मागं जाताना मी जवळचा उघडता कंस धरतीय. त्याचा जोडीदार शोधायला पाहिजे. मध्ये किती कंस गेले ते मोजायचं राहिलंय सर. तीन ओळींचं काम हाय. पाच मिनिटं द्या.”

“परीक्षेत बसल्यावर कोड बदलता येत नाही बाळ. नियम आहे.”

“नियम हाय,” ती म्हणाली. मान खाली घातली. मग परत वर केली, आणि मला वाटलं ती आता पुन्हा पाच मिनिटं मागणार.

“सर, त्या पानावरच्या तारखा बघा,” ती म्हणाली. “तेवीसपर्यंतच्या टेस्ट फेब्रुवारीतल्या हायत. त्या चोख हायत. पुढच्या अठरा मार्च संपतानाच्या. मध्ये हिची आई गेली सर. ही चौदाव्या दिवशी लॅबमध्ये येऊन बसली. मी एकदा डबा उघडून बघायला पाहिजे होता, आमच्या त्या नियमापायी नाही बघितला. ह्यात हिचे मार्क कापू नका.”

सरांनी तारखा बघितल्या. मॅडम खिडकीकडं बघत होत्या. पंखा कुरकुरत होता.

“मिस मगदूम,” सर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “तुम्हाला काही म्हणायचंय? तुमच्या मैत्रिणीबद्दल?”

मी आज त्या प्रश्नाकडं बघते तेव्हा तो केवढा मोठा दरवाजा होता ते दिसतं. सर उंबऱ्यावर उभे राहून माझी वाट बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की चूक माझ्या टेस्टची आहे, मी वेळेत पकडली असती तर हिनं केव्हाच सुधारली असती, हिला पाच मिनिटं द्या. वाक्य तयार होतं. मला ते पाठ असल्यासारखं दिसत होतं, पुलावरून म्हशी दिसल्या तसं.

“नाही सर,” मी म्हणाले.

सरांनी की-बोर्डची तीन बटणं एकदम दाबून प्रोग्रॅम मारला.

मार्क दोघींचे वेगवेगळे होते. टेस्टिंगला, आणि आपली चूक आपण होऊन मांडल्याबद्दल, मला शंभरपैकी शहाऐंशी. तस्लीमच्या नावापुढं ‘पुन्हा सादर करावे’. पुन्हा म्हणजे नोव्हेंबरमध्ये. एक जुलै आला आणि गेला, पत्र रद्द झालं. नोव्हेंबरमध्ये ती पहिल्या वर्गात पास झाली. कंपनीनं परत विचारलं नाही. ती एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागली, अजून शिकवते. हिरेमठ मॅडम मला पुढं एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “वसुधा, तू एक शब्द बोलली असतीस तर देशिंगकर मानले असते गं.” मी म्हणाले, “हो मॅडम.”

मी आता पुण्यात आहे. वीस वर्षं टेस्टिंगचंच काम करते. हाताखाली साठ माणसं आहेत. दर वर्षी नवी मुलं येतात आणि पहिल्या दिवशी मला त्यांच्यासमोर उभं करतात. मी त्यांना अष्टचिन्हीची गोष्ट सांगते. रिकाम्या खणावर हिरव्या झालेल्या अठरा टेस्ट, आणि परीक्षकासमोर स्वतः होऊन ते सांगणारी मुलगी. मुलं टाळ्या वाजवतात. प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणून ती आता मला न विचारताही सांगितली जाते.

ते प्रामाणिकपण नव्हतं. प्रामाणिक माणसाला भीती वाटते, मैत्रिणीचा जीव दिसतो, खरं सांगायला तोंडात शब्द जड होतात. मला काहीच जड झालं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. बसमध्येही तस्लीमनं विचारलं होतं, पण तिथं विचारणाऱ्याला ‘हो’ द्यायची सवय होती.

गोष्ट मी टाळ्यांपाशी संपवते. त्यापुढं दोनची गाडी होती.

आब्बा लिंबाखाली होते. तस्लीम त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवून तसेच उभे राहिले. मग स्कूटरवर एकटेच निघून गेले. तिनंच सांगितलं असणार, की मी वसूबरोबर येते, ती एकटी कशी येईल.

गाडी रिकामी होती. खिडकी तिनं घेतली. रिपोर्ट तिच्या मांडीवर होता. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर आलं. मग तिनं पान उघडून पेन्सिलीच्या एका गोलावर बोट ठेवलं.

“हे कुठं केलंस?”

“येताना. गाडीत.”

“कुठं, गाडीत?”

“अंकलीच्या पुलावर.”

“म्हणजे पाऊण तास होता.”

“हो.”

“आणि परीक्षेआधी लॅब अर्धा तास उघडी होती.”

“हो.”

“तीन ओळी होत्या गं वसू.”

“हो.”

“मी तुला विचारलं. सगळं ठीक का, म्हणून विचारलं मी तुला.”

“हो.”

“हो हो काय करतीयस!” ती ओरडली. कंडक्टरनं मागं वळून बघितलं. तिनं आवाज खाली आणला. “माझ्यावर राग होता का? मी जाणार म्हणून? खरं सांग. राग असला तर मला चालंल. राग असू दे.”

मी शोधलं. अगदी मनापासून, तिला द्यायला काहीतरी सापडावं म्हणून शोधलं. राग नव्हता, हेवा नव्हता. बघावं तिथं शून्य होतं.

“नव्हता,” मी म्हणाले. “काहीच नव्हतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मला अजून तो चेहरा सांगता येत नाही. दोन महिने रोज भेटणाऱ्या माणसाची ओळख आत्ता पटावी, तसं काहीतरी. मग तिनं पिशवीतून डबा काढला. आई गेल्यापासून ती दोघींपुरतं आणायची. घरून निघतानाच भरलेला. चपात्या, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. परीक्षा झाल्यावर गेटाजवळ बसून खायचं ठरलं होतं. तिनं झाकण काढलं, डबा माझ्या मांडीवर ठेवला.

“खा.”

“तू?”

“खा तू.”

मी चपातीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. चटणीत लसूण जास्त झाला होता. मला ते कळलं. मी थांबले. दुसरा घास घेतला. दोडक्याच्या शिरा नीट काढल्या नव्हत्या, त्या दाताखाली येत होत्या. मीठ कळत होतं. माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. नऊ मार्चनंतर पहिल्यांदा, सणकून, डोळ्यांपुढं अंधारी येईल अशी भूक.

तस्लीमनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं होतं. तिची पाठ हलत होती. मी हात पुसून त्या पाठीवर ठेवायला हवा होता. मी तिसरी चपाती घेतली, मग चौथी. अंकलीचा पूल आला तेव्हा ती तोंडात ओढणी धरून रडत होती, आणि मी बोटानं डबा निपटून तिच्या वाट्याचंही खात होते.